ध्वनी परिवर्तकाचे क्लॉक आणि डीसी ऑफसेट

ध्वनीसाठीचा ॲनालॉग-डिजिटल परिवर्तक हा मायक्रोफोनकडून येणाऱ्या, सतत बदलत्या विद्युतदाबाचे ठरावीक अंतराने मापन करून त्याचे अंकांत रूपांतर करणारा इलेक्ट्रॉनिक घटक आहे. अशा प्रत्येक मापनास 'नमुना' म्हणतात. ध्वनिमुद्रण विश्वासार्ह होण्यासाठी दोन गोष्टी आधी निश्चित कराव्या लागतात : नमुने किती वेगाने घ्यायचे आणि शून्य कशाला मानायचे. पहिली गोष्ट क्लॉकच्या मांडणीवर, तर दुसरी डीसी ऑफसेट काढून टाकण्यावर अवलंबून असते.

== क्लॉकचे प्रकार ==

क्लॉक म्हणजे समान अंतराने येणाऱ्या विद्युत स्पंदांची मालिका. फिलिप्स कंपनीने १९८६ मध्ये मांडलेल्या आय-टू-एस या जोडणी-पद्धतीत पुढील क्लॉक आढळतात.

* शब्द क्लॉक : याचे एक आवर्तन म्हणजे डाव्या व उजव्या वाहिनीचा प्रत्येकी एक नमुना. याची वारंवारता नमुना-वेगाइतकीच असते.
* बिट क्लॉक : याच्या प्रत्येक स्पंदाबरोबर एक बिट पुढे जातो. दोन वाहिन्यांना प्रत्येकी ३२ बिटांची जागा दिल्यास तो नमुना-वेगाच्या ६४ पट असतो.
* मास्टर क्लॉक : परिवर्तकाच्या अंतर्गत कामासाठी लागणारा वेगवान क्लॉक. तो बहुधा नमुना-वेगाच्या २५६ पट असतो.

नमुना-वेग ४८,००० हर्ट्‌झ असल्यास बिट क्लॉक ३.०७२ आणि मास्टर क्लॉक १२.२८८ मेगाहर्ट्‌झ येतो. सीडीच्या ४४,१०० हर्ट्‌झसाठी मास्टर क्लॉक ११.२८९६ मेगाहर्ट्‌झ लागतो. या दोन वेगांचे गुणोत्तर १४७ : १६० असल्याने एकाच स्फटिकाच्या स्पंदांना साध्या पूर्णांकाने भागून दोन्ही मिळवणे सोयीचे नसते. म्हणून अनेक उपकरणांत दोन स्वतंत्र स्फटिक बसवतात.

बिट व शब्द क्लॉक परिवर्तक आणि प्रक्रियक यांपैकी एकानेच निर्माण करावेत व दुसऱ्याने ते स्वीकारावेत. दोघांनी आपापले क्लॉक चालवल्यास त्यांच्यातील सूक्ष्म फरक साचत जातो, अधूनमधून एखादा नमुना गळतो किंवा दोनदा येतो आणि मुद्रणात टकटक ऐकू येते.

== चुकीच्या क्लॉकचा परिणाम ==

फाइलवर ४८,००० हर्ट्‌झची नोंद असून मास्टर क्लॉक प्रत्यक्षात ११.२८९६ मेगाहर्ट्‌झचा असेल, तर नमुने ४४,१०० हर्ट्‌झनेच घेतले जातात. असे मुद्रण सुमारे १.०८८ पट वेगाने वाजते. एक तासाची मैफल ५५ मिनिटे ८ सेकंदांत संपते आणि स्वर जवळजवळ हार्मोनियमच्या दीड पट्टीने चढतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा षड्ज पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्येच कोठेतरी ऐकू येतो. मूळ गायन न ऐकलेल्या श्रोत्याला हा दोष कळेलच असे नाही. त्यामुळे संग्रहासाठी मुद्रण करताना ही चूक विशेष घातक ठरते.

परीक्षा सोपी आहे. ४४० हर्ट्‌झचा नादकाटा मुद्रित करून पाहावा. वरील चूक असल्यास तो सुमारे ४७९ हर्ट्‌झ दाखवतो. येथे नमुने योग्य असून केवळ नोंद चुकीची असते. म्हणून फाइलमधील नमुना-वेग दुरुस्त केल्यास मूळ स्वर परत मिळतो.

== डीसी ऑफसेट ==

शांततेत परिवर्तकाने शून्य हा अंक द्यावा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात प्रवर्धक व परिवर्तक यांच्या घटकांतील लहान असमानतेमुळे एखादा स्थिर अंक येत राहतो. यालाच डीसी ऑफसेट म्हणतात. तो स्वतः ऐकू येत नाही. परंतु त्यामुळे तरंग एका बाजूला सरकतो, मोठ्या आवाजात त्या बाजूचे शिखर लवकर कापले जाते आणि मुद्रणाचे तुकडे जोडताना सांध्यावर 'टक्' असा आवाज येतो.

सर्व नमुन्यांची सरासरी वजा करणे हा सर्वांत सोपा उपाय होय. मात्र त्यासाठी मुद्रण पूर्ण व्हावे लागते, आणि तापमानानुसार ऑफसेट बदलत गेल्यास हा उपाय अपुरा पडतो. चालू मुद्रणासाठी उच्चपारक गाळणी वापरतात :

य[न] = क्ष[न] − क्ष[न−१] + र × य[न−१]

येथे क्ष हा आलेला नमुना, य हा गाळलेला नमुना आणि र हा १ पेक्षा किंचित लहान स्थिरांक आहे. स्थिर अंकाची वजाबाकी शून्य होते, तर बदलता ध्वनी जवळजवळ तसाच राहतो.

== क्लॉक आणि गाळणी यांचा संबंध ==

गाळणीला सेकंद माहीत नसतात. ती केवळ नमुने मोजते. तिची छेद-वारंवारता (१ − र) × नमुना-वेग ÷ २π या सूत्राने अंदाजे मिळते. र = ०.९९९ असल्यास ४८,००० हर्ट्‌झला ती सुमारे ७.६ हर्ट्‌झ, म्हणजे २० हर्ट्‌झच्या श्रवणमर्यादेखाली राहते. तोच स्थिरांक १,९२,००० हर्ट्‌झला वापरल्यास ती ३०.६ हर्ट्‌झवर जाते व खर्जाचा भाग क्षीण करू लागते. म्हणून नमुना-वेग बदलल्यावर र पुन्हा काढावा लागतो.

र १ च्या जितका जवळ, तितका गाळणीला स्थिरावण्यास अधिक वेळ लागतो. ४८,००० हर्ट्‌झ आणि ०.९९९ यांसाठी हा वेळ सुमारे ०.१ सेकंद असतो. मुद्रणाचा तेवढा आरंभ वगळणे इष्ट. तसेच पूर्णांकी गणितात गुणाकारातील अपूर्णांक दर वेळी टाकून दिल्यास गाळणीच नवा ऑफसेट निर्माण करते. त्यामुळे 'य'चे मूल्य अधिक बिटांत साठवतात.

अनेक परिवर्तकांत अशी गाळणी अंगभूत असते व ती चालू किंवा बंद करता येते. कोणत्याही मांडणीत आधी क्लॉक तपासावा, नंतर शांततेतील सरासरी पाहावी आणि शेवटी गाळणी ठरवावी, हा क्रम सुरक्षित ठरतो.