टाकीत पाणी किती, वाफ किती?

अर्धा घनमीटर आकारमानाच्या बंद पोलादी टाकीत पाणी आणि वाफ मिळून २ किलो ऐवज आहे. आतला दाब २०० किलोपास्कल आहे. सगळ्या पाण्याची वाफ होईपर्यंत टाकीला किती उष्णता द्यावी लागेल? अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना उष्मागतिकीच्या पहिल्या काही आठवड्यांतच अशी उदाहरणे भेटतात. त्यांत बेरीज, वजाबाकी आणि भागाकारापलीकडचे गणित नसते. तरीही ती सर्रास चुकतात, कारण सोडवणारा आधी सूत्र शोधतो. पदार्थ द्रव आहे, वायू आहे की दोन्हींचे मिश्रण, हे ठरल्याशिवाय कोणते सूत्र चालेल ते ठरत नाही. खरे कौशल्य त्या निदानात आहे. पुढची आकडेमोड कॅल्क्युलेटरही करतो.

हात पहिल्यांदा जातो तो आदर्श वायूच्या समीकरणाकडे. बॉइल, चार्ल्स आणि गे-ल्युसॅक यांचे निष्कर्ष एकत्र करून फ्रेंच अभियंता क्लापेरों याने ते १८३४ मध्ये मांडले. दाब आणि आकारमान यांचा गुणाकार हा वस्तुमान, त्या वायूचा स्थिरांक आणि तापमान यांच्या गुणाकाराइतका असतो. हवेसाठी हे समीकरण उत्तम चालते, मात्र दोन पथ्ये पाळून. तापमान केल्विनमध्ये घ्यायचे आणि दाब निरपेक्ष घ्यायचा. पेट्रोल पंपावर टायरमध्ये ‘३२’ हवा भरतात, तेव्हा तो आकडा वातावरणाच्या दाबाच्या वरचा असतो. ३२ पीएसआय म्हणजे सुमारे २२० किलोपास्कल; त्यात वातावरणाचे १०१ मिळवले की निरपेक्ष दाब ३२१ होतो. गाडी पळून टायर २७ अंश सेल्सिअसवरून ५७ वर तापला आणि त्याचे आकारमान तेवढेच राहिले, तर ३२१ ला ३३० ने गुणून ३०० ने भागायचे. उत्तर ३५३ येते, म्हणजे मापकावर २५२, साधारण साडेछत्तीस पीएसआय. हेच उदाहरण मापकावरचा दाब आणि सेल्सिअस अंश घेऊन सोडवले, तर दाब दुपटीच्याही वर जातो. उत्तर शक्य कोटीतले आहे का, एवढे विचारले तरी ही चूक तिथेच पकडता येते.

आता तेच समीकरण टाकीला लावून पाहू. २०० किलोपास्कलला पाणी १२०.२ अंशांना उकळते. वाफेचा स्थिरांक ०.४६१५ किलोज्यूल प्रति किलो प्रति केल्विन धरला, तर २ किलो वाफेचा अर्धा घनमीटर जागेतला दाब ७२६ किलोपास्कल यायला हवा. प्रत्यक्षात तो २०० च आहे. समीकरणाचे गणित बरोबर आहे, गृहीतक चुकले आहे: टाकीतला बराचसा ऐवज वायू नाहीच.

द्रव आणि त्याची वाफ एकत्र नांदत असतात, तेव्हा दाब आणि तापमान एकमेकांना बांधलेले असतात. एक ठरले की दुसरे ठरते. द्रव किती उरला आहे, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. घरगुती गॅसचे १४.२ किलोचे सिलिंडर याच अवस्थेत असते. त्यातला दाब मुख्यतः तापमानावर ठरतो, म्हणून गॅस किती उरला हे दाबावरून कळत नाही, सिलिंडर तोलावे लागते. रिक्षाच्या सीएनजी टाकीचे तसे नाही. त्यातला मिथेन उणे ८२ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही, त्यामुळे गॅस संपत जातो तसा मापकाचा काटा उतरत जातो.

अशा मिश्रणासाठी सूत्राऐवजी कोष्टक लागते. फ्रान्समध्ये रेन्यो याने वाफेची बारकाईने मोजमापे करून ती १८४७ मध्ये प्रसिद्ध केली. आजच्या ‘स्टीम टेबल’ची परंपरा तिथवर मागे जाते. २०० किलोपास्कलच्या ओळीत ते सांगते की एक किलो पाणी ०.००१०६१ घनमीटर जागा व्यापते आणि एक किलो संपृक्त वाफ ०.८८५८ घनमीटर. टाकीत किलोमागे ०.२५ घनमीटर जागा आहे. हा आकडा त्या दोहोंच्या मधला असल्याने आत मिश्रण आहे, हे निदान पक्के झाले. ०.२५ मधून पाण्याचे आकारमान वजा करून दोन आकारमानांच्या फरकाने भागले की ०.२८१ मिळते. हा ‘ड्रायनेस फ्रॅक्शन’, म्हणजे वस्तुमानातला वाफेचा वाटा. टाकीत ०.५६ किलो वाफ आणि १.४४ किलो पाणी आहे. गंमत अशी की वजनाने बहुमतात असलेले हे पाणी पाचशे लिटरपैकी जेमतेम दीड लिटर जागा घेते.

टाकी तापवली तरी तिचे आकारमान आणि आतला ऐवज बदलत नाही, म्हणून किलोमागे ०.२५ घनमीटर हा आकडा शेवटपर्यंत कायम राहतो. संपृक्त वाफेचे आकारमान ७५० किलोपास्कलला ०.२५५५ आणि ८०० ला ०.२४०४ आहे. मधले गणित प्रमाणाने केले की ७६८ किलोपास्कल आणि १६८.७ अंश मिळतात. त्या बिंदूला पाण्याचा शेवटचा थेंब संपतो. इथे सगळा ऐवज वाफ असला तरी आदर्श वायूचे समीकरण ८१६ किलोपास्कल सांगते, सहा टक्के जास्त. १० किलोपास्कलच्या संपृक्त वाफेसाठी हीच तफावत अर्ध्या टक्क्याहून कमी असते. १० मेगापास्कलला मात्र समीकरणाचे आकारमान प्रत्यक्षाच्या जवळजवळ दीडपट निघते. वाफ क्रांतिक बिंदूकडे, म्हणजे २२.०६ मेगापास्कल आणि ३७४ अंशांकडे, सरकत जाते तसे रेणूंचे परस्पर आकर्षण दुर्लक्षिण्याजोगे राहत नाही.

आता उष्णता. टाकीच्या भिंती हलत नाहीत, म्हणजे कार्य शून्य. दिलेली सगळी उष्णता आंतरिक ऊर्जेत जाते. किलोमागे ती १०७४ वरून २५७५ किलोज्यूलवर पोचते, म्हणून २ किलोसाठी सुमारे ३००० किलोज्यूल लागतात. तोच ऐवज दाब २०० वर स्थिर ठेवणाऱ्या दट्ट्याखाली तापवला, तर तापमान १२०.२ वरच राहते आणि आकारमान १.७७ घनमीटरपर्यंत वाढते. दट्टा उचलण्यात २५४ किलोज्यूल कार्य खर्च होते, आंतरिक ऊर्जा २९१० ने वाढते. एकूण उष्णता ३१६४ किलोज्यूल. आंतरिक ऊर्जा आणि दाब-आकारमानाचा गुणाकार यांची बेरीज म्हणजे एन्थाल्पी. कोष्टकात तिचा स्वतंत्र रकाना असतो, आणि दाब स्थिर असेल तर तिच्यातला फरक घेऊन ३१६४ हे उत्तर एका वजाबाकीत मिळते. बंद टाकीच्या उदाहरणात मात्र तो रकाना वापरायचा नसतो.