चूक कोणाची, हा दुसरा प्रश्न

मागच्या वेळी आपण 'जबाबदारी' या कल्पनेविषयी बोललो. आज तीच कल्पना रस्त्यावर उतरवून बघू. आपल्या गाडीमुळे कोणाला लागलं, तर चालकानं काय करायचं?

आधी आमचीच गोष्ट सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी सातारा रस्त्यावर एक सायकलवाला एकदम आडवा आला. आम्ही ब्रेक दाबला, तरी धक्का लागलाच. तो पडला, आणि आमच्या मनात पहिलं वाक्य कोणतं आलं? 'याला किती लागलं?' हे नाही. 'आमची चूक नव्हती', हे! आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या मनात. त्याच्या हाताचं हाड मोडलं होतं, ते पुढे जुळलं. पण ते वाक्य आम्हाला अजून टोचतं.

त्या क्षणी आपण दोन प्रश्नांची गल्लत करतो. दोष कोणाचा, हा एक. आता करायचं काय, हा दुसरा. आपला कायदा हे दोन्ही वेगळे ठेवतो. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १३४. त्यात चूक कोणाची हे विचारलेलंच नाही. जखमीला उपचार मिळवून द्या. पोलीस हजर नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत कळवा. विमा कंपनीला लेखी कळवा. झालं.

आता तुम्ही म्हणाल, 'सर, जमाव मारतो त्याचं काय?' रास्त शंका आहे. कायद्यानंही ती धरलेली आहे. जमावाच्या रागामुळे मदत करणं शक्यच नसेल, तर त्यातून सूट आहे. पण पुढचं वाक्य वाचा : मदत का करता आली नाही, तेही ठाण्यात सांगायचं. म्हणजे जीव वाचवायला बाजूला व्हा, पण तिथून थेट पोलिसांकडे जा, घरी नव्हे.

प्रत्यक्षात क्रम असा ठेवावा. गाडी थांबवा, चारी इंडिकेटर लावा. १०८ ला रुग्णवाहिकेसाठी किंवा ११२ ला फोन करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. मानेला किंवा पाठीला मार असेल असं वाटलं, तर उगाच ओढाओढ करू नका. पाणीही पाजू नका. मग जागेचे, गाड्यांचे फोटो काढा. आणि 'हे घ्या दोन हजार, मिटवून टाकू' हे नको. आतला मार कधीकधी दुसऱ्या दिवशी कळतो.

पळून गेल्यानं नेमकं काय होतं, हेही बघा. गाडी सापडली, तर तिच्या विम्यातून जखमीला किंवा त्याच्या घरच्यांना न्यायाधिकरणाकडे पूर्ण भरपाई मागता येते. गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून ठरावीक रक्कम : मृत्यूसाठी दोन लाख, गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार. घरातला कमावता माणूस गेला, तर दोन लाख किती दिवस पुरतात? आपण पळतो तेव्हा त्या घराचा हक्कही घेऊन पळतो.

बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञानं १९७६ च्या एका निबंधात असाच एक ट्रकचालक घेतला आहे. त्याची काही चूक नाही, तरी त्याच्या गाडीखाली एक मूल येतं. बघणाऱ्यालाही वाईट वाटतं, पण चालकाला वाटतं ते वेगळं असतं. तो म्हणेल, 'माझी चूक नव्हती, मी मोकळा', तर आपल्यालाच तो माणूस खटकेल. विल्यम्सच्या त्या कल्पनेला आपण मराठीत 'कर्त्याची खंत' म्हणू. ती अपराधाची कबुली नव्हे. 'हे माझ्या हातून घडलं' एवढंच ती म्हणते, आणि तेवढं माणसाला थांबवायला पुरतं.

दोष कोणाचा, ते न्यायालय ठरवेल, सावकाश ठरवेल. रस्त्यावर पडलेल्या माणसाला तेवढा वेळ नसतो. म्हणून आधी खाली उतरायचं.

इथे थांबू. आता प्रश्न विचारा.