घरची अवजारे : थोडी घ्या, पण पाणीदार घ्या



उसाचे बिल हाती आले की खत, बेणे, मुलांची फी, लग्नकार्य यांचा हिशोब आपण चार वेळा मांडतो. कुऱ्हाड-कोयता घ्यायची वेळ आली की मात्र बाजारात जे पहिले दिसेल आणि स्वस्त पडेल ते उचलतो. "कुऱ्हाड काय, कोणतीबी चालते," असे म्हणतो. वर्षभरात तिची धार दुमडते, दांडा निसटू लागतो, आणि पुन्हा तीच खरेदी. अशा दोन-तीन खरेद्यांच्या पैशात एक चांगली कुऱ्हाड येते व ती नीट राखली तर अनेक वर्षे टिकते.

गॅस आला म्हणून सरपण संपले, असेही नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुष्कळ घरांत टाकी आली. तरी आंघोळीचे पाणी, भाकरी, कार्याचा स्वयंपाक आणि आपल्या भागातली हळद शिजवण यांना लाकूड लागतेच. तेव्हा थोड्या पैशात कोणती अवजारे घ्यावीत आणि कशी पारखावीत, ते येथे सांगत आहोत.

आधी काय, मागाहून काय

सगळे एकदम घेण्याची गरज नाही. पहिल्या खेपेस तीनच वस्तू घ्याव्यात : कुऱ्हाड, कोयता आणि कानस. कानशीचे नाव पाहून काहींना नवल वाटेल. पण कानस नसेल तर पहिली दोन अवजारे महिन्याभरात बोथट होऊन पडतात. बोथट अवजाराला दुप्पट घाव लागतात आणि ते लाकडावरून घसरून पायावर येते.

दुसऱ्या खेपेस करवत घ्यावी. जाड खोडाचे तुकडे कुऱ्हाडीने पाडताना वेळ फार जातो आणि ढलप्यांत लाकूडही जाते. करवतीने तेच काम सरळ होते. लोखंडी पाचर आणि घण वर्षातून चार-दोन दिवसच लागतात. ते भावकीत किंवा शेजाऱ्या-शेजाऱ्यांत मिळून एक घेतले तरी भागते. हातोडा, पक्कड आणि पाने मोटारीच्या निमित्ताने बहुतेक घरी असतातच. तेच नीट सांभाळावेत.

पोलाद कसे पारखावे

साध्या लोखंडात कार्बन फार कमी, पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. त्याला कितीही तापवून पाण्यात बुडवले तरी धार टिकण्याइतका कडकपणा येत नाही. ट्रकच्या कमानपाट्याच्या पोलादात तो अर्ध्या टक्क्याच्या पुढे असतो. म्हणून लोहार पाट्याचा कोयता चांगला मानतात. बांधकामाच्या सळईचा किंवा साध्या पट्टीचा कोयता दिसायला तसाच असतो, पण चार दिवसांत त्याची धार वळते.

दुकानात किंवा लोहाराच्या भात्यावर तीन गोष्टी करून पाहाव्यात.

एक, पाते दोरीला टांगून दुसऱ्या लोखंडाने हलकेच वाजवावे. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत चीर असण्याचा संभव आहे.

दोन, धारेवर कानस फिरवून पाहावी. कानस लोण्यात रुतावी तशी रुतली तर धार मऊ आहे. काचेवरून घसरावी तशी घसरली तर धार फार कडक आहे, तिचे तुकडे उडतील. थोडी लागते आणि थोडा विरोध करते, ती धार योग्य.

तीन, सहाणचक्र चालू असेल तर ठिणग्या पाहाव्यात. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब सरळ रेघांच्या असतात. चांगल्या पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात.

कारखान्यात बनलेले अवजार घेत असाल तर त्यावर आय.एस.आय. शिक्का आहे का ते पाहावे. हा शिक्का १९८७ पासून भारतीय मानक ब्युरो देते, त्यापूर्वी भारतीय मानक संस्था देत असे. शिक्का असला तरी वाजवून पाहायला काही पैसे पडत नाहीत.

कुऱ्हाड कोणाच्या हातात राहणार?

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून "एक कोयता" मोजतात. मोजणीत कोयता एक, पण राबणारे हात दोघांचे. घरच्या कुऱ्हाडीचेही तसेच आहे. ती बाजारातून आणतो घरधनी, स्वतःच्या हाताच्या अंदाजाने. रोजचे सरपण मात्र बहुतेक घरांत बायाच फोडतात. दोन किलोच्या पात्याची कुऱ्हाड पाच-दहा घावांतच हात आणि कंबर धरते, आणि थकलेल्या हाताचा घाव चुकतो.

जड कुऱ्हाड म्हणजे जोरदार घाव, ही समजूत अर्धीच खरी आहे. वजन दुप्पट केले तर घावाचा जोर दुप्पट होतो. वेग दुप्पट केला तर तो चौपट होतो. जी कुऱ्हाड वेगाने फिरवता येत नाही, तिच्या वजनाचा उपयोग थोडा. म्हणून रोजच्या सरपणाला किलोभर पात्याची कुऱ्हाड पुरे. दांड्याचे माप घ्यायचे तर पाते मुठीत धरावे व हात सरळ करून दांडा हाताला लावावा. त्याचे टोक काखेपर्यंत आले की माप बसले. हे दोन-सव्वादोन फूट भरते. जिने वापरायची तिलाच बाजारात न्यावे, निदान तिच्या हाताचे माप तरी न्यावे. झाडे तोडायची मोठी कुऱ्हाड वेगळी ठेवावी, किंवा गरजेपुरती मागून आणावी.

दांडा

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ" ही म्हण आपण ऐकतो. ढिला दांडा तर घरच्याच माणसाला काळ होतो, कारण निसटलेले पाते कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नसतो.

दांड्याला धावडा मिळाला तर उत्तम, नाहीतर बाभूळ चांगली. लाकडाच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या असाव्यात, मध्ये गाठ नसावी. लाकूड सावलीत पूर्ण वाळवून मगच दांडा बसवावा. ओला दांडा आज घट्ट बसतो आणि वाळला की आखडून सैल होतो. दांडा घालायचे भोक, म्हणजे नेढे, गोलापेक्षा लांबट असावे. गोल नेढ्यात पाते फिरते.

दांडा ढिला झाला की कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवायची, ही सवय सोडावी. पाण्याने लाकूड फुगते खरे, पण नेढ्यात दाबले जाऊन चेपते आणि वाळल्यावर पूर्वीपेक्षा ढिले होते. वाळलेल्या लाकडाची नवी पाचर ठोकणे हाच खरा उपाय. वर्षातून एक-दोनदा दांड्याला जवसाचे तेल चोळावे. हे तेल लाकडात मुरून सुकते व ओल धरू देत नाही. कुऱ्हाड मातीत किंवा ओलाव्याला टेकवून ठेवू नये. पात्याला गंज चढतो आणि दांड्याला वाळवी लागते.

धार

कानस पुढे लोटताना कापते. मागे ओढताना ती उचलावी, नाहीतर तिचेच दाते मोडतात. फोडायच्या कुऱ्हाडीची धार थोडी जाड असावी, म्हणजे ती लाकूड उकलते. कोयत्याची धार पातळ असावी. विजेच्या चक्रावर धार लावताना पाते वारंवार पाण्यात बुडवावे. पाते निळे पडले म्हणजे उष्णता तीनशे अंशांच्या आसपास गेली आणि धारेचे पाणी उतरले असे समजावे. मग ती कितीही घासली तरी टिकत नाही.

धारदार कोयत्याचा लाभ फडातही आहे. उसाच्या बुडख्यात साखर सर्वांत जास्त असते. बोथट कोयत्याने वरून तुटलेला ऊस म्हणजे तेवढे वजन आणि तेवढी साखर शेतातच राहिली. उंच राहिलेल्या खुंटावरचे फुटवेही कमजोर निघतात आणि खोडवा मार खातो.

फोडताना

बाभूळ ओली असतानाच फोडावी. वाळली की ती लोखंडासारखी होते. ताज्या लाकडाच्या वजनात तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. ते पाणी उडवण्यातच जाळ खर्ची पडतो आणि धूर चुलीपुढे बसणारीच्या डोळ्यांत जातो. म्हणून उन्हाळ्यात फोडून, पावसापूर्वी वाळवून, आडोशाला रचून ठेवावे.

लाकूड जमिनीवर न ठेवता गुडघ्याएवढ्या उंचीच्या ओंडक्यावर ठेवावे. घाव चुकला तरी कुऱ्हाड ओंडक्यात बसते, नडगीवर येत नाही. पाय फाकवून उभे राहावे, पायात जोडा असावा, मुले लांब असावीत. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने खुंट्या ठोकू नयेत, की तिच्यावर घण मारू नये. नेढे पसरते आणि दांडा कायमचा ढिला होतो. त्यासाठी पाचर आहे. पाचरीचे डोके घावांनी फुलले की कडा कानशीने उतरवाव्यात, नाहीतर लोखंडाची कपची डोळ्यात उडते. जखम झाली तर हळद दाबून गप्प बसू नये. ती धुवावी आणि सरकारी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

शेवटी एक कायद्याची गोष्ट. झाड आपल्या बांधावरचे असले तरी आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, खैर, चंदन, तिवस अशी काही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सरपणाला वेडी बाभूळ, सुबाभूळ, तुराट्या आणि पऱ्हाट्या आहेत. त्या आधी संपवाव्यात.

यंदा बिल हाती आले की घरातली जुनी कुऱ्हाड काढून तिचा दांडा हलवून पाहा. हलत असेल तर नवीन घेण्याआधी पाचर मारा आणि कानस आणा. पुष्कळ घरांत तेवढ्यावरच काम भागेल आणि कुऱ्हाडीचे पैसे खिशात राहतील.