काचेची मापे आणि खरा हिशेब

परीक्षेचा हंगाम जवळ आला की आपल्या अनेक घरांत संध्याकाळी दोन वह्या शेजारी-शेजारी उघडलेल्या दिसतात. एक वडिलांची, दिवसभराच्या जमाखर्चाची. दुसरी मुलीची किंवा मुलाची, रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांची. वडील दुसऱ्या वहीकडे कौतुकाने पाहतात खरे. पण ब्युरेट, पिपेट, शंकुपात्र ही नावे वाचली की हा विषय आपला नव्हे, असे म्हणून वही बाजूला ठेवतात. वास्तविक हा विषय व्यापारी घराला मुळीच परका नाही. त्या काचेच्या उपकरणांपैकी काही तर बाजारातल्या प्रश्नांतूनच जन्माला आली आहेत.

पेढीच्या प्रश्नातून जन्म

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये कापड शुभ्र करण्यासाठी क्लोरीनयुक्त द्रावण वापरले जाऊ लागले. द्रावण सौम्य असेल तर कापड पिवळट राही आणि तीव्र असेल तर धागा कुजे. मग विकत घेतलेल्या द्रावणाचा जोर ओळखावा कसा? रूआँ या कापडाच्या व्यापारी शहरातील देक्रुआझी या रसायनतज्ज्ञाने त्यासाठी निळीचे द्रावण घेतले. ठरावीक निळीचा रंग घालवण्यास विरंजक द्रावण किती लागते, हे त्यांनी खुणा केलेल्या काचेच्या नळीत मोजले. आज महाविद्यालयात शिकवले जाणारे अनुमापन, म्हणजे एका द्रावणाच्या मापाने दुसऱ्याचे सामर्थ्य ठरवणे, याच्या आरंभीच्या उदाहरणांपैकी हे एक होय.

पुढे 1824 मध्ये गे-ल्युसाक या शास्त्रज्ञाने अशा मोजनळ्यांसाठी ब्युरेट आणि पिपेट हे शब्द वापरले. त्यांचे पुढचे काम आपल्या सराफ बांधवांना विशेष जवळचे वाटेल. त्या काळी चांदीचा कस राखेच्या मुशीत शिशाबरोबर तापवून पाहत. त्यात थोडी चांदी मुशीत मुरे आणि थोडी उडून जाई. त्यामुळे कस प्रत्यक्षाहून कमी भरे. गे-ल्युसाक यांनी चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून तीत मिठाचे द्रावण घालण्याची रीत बसवली. मीठ पडताच पांढरा साका तयार होतो. साका तयार होणे थांबले की सर्व चांदी खाली बसली, असे समजावे. 100 मिलीलिटर द्रावणाने बरोबर 1 ग्रॅम शुद्ध चांदी खाली बसावी, इतके नेमके ते द्रावण बनवलेले असे. 1832 मध्ये ही रीत प्रसिद्ध झाली आणि फ्रान्सच्या टांकसाळीत मुशीऐवजी पिपेटने चांदीचा कस ठरू लागला.

प्रत्येक पात्राची मर्यादा

प्रयोगशाळेत गेल्यावर पहिली गोष्ट शिकायची ती ही, की काचेवर खूण आहे म्हणून प्रत्येक पात्र माप होत नाही. चंचुपात्र द्रव ओतण्यासाठी, ढवळण्यासाठी आणि तापवण्यासाठी असते. त्यावरच्या रेघा केवळ अंदाजाच्या असतात आणि त्यांत सुमारे 5 टक्के चूक गृहीत धरलेली असते. म्हणजे 100 च्या रेघेपर्यंत भरलेले पाणी 95 असेल किंवा 105 असेल. शंभर रुपयांच्या मालात पाच रुपयांचा फरक कोणता व्यापारी चालवून घेईल?

मोजपात्र त्याहून नेमके असते. रोजच्या साध्या मापास ते पुरे पडते. परंतु खरे माप हवे असेल तेव्हा पिपेट आणि ब्युरेट हाती घ्यावे लागते. 25 मिलीलिटरच्या उत्तम प्रतीच्या पिपेटमध्ये केवळ 0.03 मिलीलिटरची, तर 50 मिलीलिटरच्या ब्युरेटमध्ये 0.05 मिलीलिटरची चूक मान्य असते. हा साधारण एका थेंबाचा फरक झाला. ठरावीक तीव्रतेचे द्रावण तयार करण्यासाठी लांब मानेचा चंबू असतो. त्याच्या मानेवर एकच रेघ असते आणि कोणत्या तापमानाला ती खरी, हेही काचेवर छापलेले असते. काच तापली की फुगते. म्हणून हा चंबू कधी तापवू नये.

शंकुपात्राचे काम मोजण्याचे नव्हेच. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अर्लेनमायर यांनी त्याला रुंद तळ आणि निमुळती मान दिली, ती द्रव न सांडता गोल फिरवता यावा म्हणून. ब्युरेटमधून थेंब पडत असताना डाव्या हाताने तोटी आणि उजव्या हाताने शंकुपात्र, अशी ही जोडी चालते.

मापण्याची रीतही मापाइतकीच महत्त्वाची आहे. नळीत पाणी कडेला थोडे वर चढते आणि मध्यभागी खोलगट राहते. वाचन त्या खोलगटाच्या तळाशी, डोळा त्याच पातळीवर आणून करावे. डोळा वर असला की एक आकडा दिसतो, खाली असला की दुसरा. पोटॅशियम परमँगनेटसारख्या गडद द्रावणात मात्र तळ दिसत नाही. तेथे वरची कड वाचावी. पिपेट रिकामे झाल्यावर टोकाशी थोडा द्रव उरतो. तो फुंकून काढू नये. तो उरणार हे धरूनच वरची खूण केलेली असते.

तागडीचा शास्त्रज्ञ

या सर्व उपकरणांत आपल्याला सर्वांत ओळखीचा तो काटा. त्याला रसायनशास्त्रात मानाचे स्थान मिळवून देणारे लव्हाझिए हे स्वतः हिशेबाच्या जगातील गृहस्थ होते. राजाचे कर वसूल करणाऱ्या कंपनीत त्यांची भागीदारी होती. 1774 मध्ये त्यांनी कथिल काचेच्या बंद पात्रात तापवले. कथलाची राख झाली, पण पात्राचे एकूण वजन तिळमात्र बदलले नाही. पात्र उघडताच बाहेरची हवा आत शिरली आणि मग वजन वाढले. जेवढे आत होते तेवढेच राहिले, केवळ एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेले. जमाखर्चाचा मेळ बसवणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पुढे 1794 मध्ये, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, त्याच कंपनीच्या संबंधामुळे त्यांचा शिरच्छेद झाला. त्यांनी घालून दिलेली वजनाची शिस्त मात्र आजवर टिकली आहे.

सावधगिरी

पालकांनी मुलांना चार गोष्टी आवर्जून विचाराव्यात. पिपेट तोंडाने ओढत नाहीस ना? त्यासाठी रबरी फुगा असतो. पाण्यात आम्ल घालतोस, की आम्लात पाणी? आम्ल नेहमी पाण्यात, थोडे थोडे घालावे. उलट केल्यास उष्णतेने ते उसळून अंगावर येते. परीक्षानळी तापवताना तिचे तोंड कोणाकडे असते? ते स्वतःकडे नको आणि शेजाऱ्याकडेही नको. आणि डोळ्यांवर चष्मा असतो का? तापलेली काच आणि थंड काच दिसायला सारखीच असते, हेही लक्षात आणून द्यावे.

वहीतील आकडा

आता मुख्य गोष्ट. बारावीच्या अनुमापनात ब्युरेटचे वाचन निदान तीनदा घ्यावे लागते आणि ती वाचने एकमेकांशी जुळावी लागतात. समजा, पहिल्यांदा 9.8 आले, दुसऱ्यांदा 10.4 आणि तिसऱ्यांदा 9.9. घड्याळ पुढे सरकत असते, शेजारच्याच्या वहीत तिन्ही ओळींत 9.9 दिसत असते. अशा वेळी 10.4 खोडून 9.9 लिहिण्याचा मोह कोणाला होत नाही? पण प्रामाणिक मार्ग एकच: 10.4 तसेच ठेवावे, थेंब कोठे जास्त पडला ते शोधावे आणि पुन्हा मोजावे.

खोटे वाचन आणि खोटी कीर्द यांत काही फरक नाही. आज शाळेच्या टेबलावर शिकलेली हीच रीत उद्या दूध संकलन केंद्रात दुधाची आम्लता सांगते, पाण्याचा कठीणपणा सांगते, औषधाच्या कारखान्यात गोळीतील द्रव्याचे प्रमाण ठरवते. तेथे मनाने लिहिलेला एक आकडा थेट कोणा रुग्णाच्या हातातील गोळीपर्यंत पोहोचतो.

म्हणून या वर्षी मुलांची प्रात्यक्षिक वही बाजूला ठेवू नका. किती गुण मिळाले हे जरूर विचारा, पण त्याआधी एखाद्या पानावर बोट ठेवून एवढेच विचारा, "बेटा, हा आकडा ब्युरेटवर दिसला होता ना?" आपल्या दुकानातील काट्यावर ठरावीक मुदतीने सरकारी शिक्का मारून घ्यावा लागतो. मुलांच्या वहीतील आकड्यांवर तसा शिक्का कोणी मारत नाही. तो त्यांचा त्यांनाच मारायचा असतो.