आधी ओळख, मग शिस्त

आता प्रश्न असा, की अंगणवाडीत एक सेविका, एक मदतनीस आणि पंचवीस-तीस मुलं. खिचडी शिजतेय, वजनं घ्यायचीत, रजिस्टर भरायचंय, आणि तेवढ्यात एक मूल दुसऱ्याला चावतं. अशा धांदलीत विश्वासाचं नातं जोडायला वेळ कुठून आणायचा?

आम्ही म्हणतो, वेगळा वेळ लागत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला आपला राग एकट्यानं आवरता येत नाही. शेजारी शांत मोठं माणूस असलं, की त्याच्या आधारानं ते हळूहळू शिकतं. पण आधार ओळखीच्याच माणसाचा वाटतो ना? ती ओळख रोजच्या कामातच होते. दारात नाव घेऊन हाक मारायची. हात धुताना घरच्या शेळीची चौकशी करायची. 'खिचडीनंतर गोष्ट' म्हटलं, तर गोष्ट सांगायचीच.

आणि चावलं तर? आधी ज्याला लागलं त्याला जवळ घ्यायचं. मग चावणाऱ्यापाशी बसून थोडक्यात सांगायचं, "चावायचं नाही. गाडी हवी, तर माग." 'चावरा' हे नाव मात्र पडू द्यायचं नाही. नाव पडलं की मूल तसंच वागू लागतं, कधी यायचंच थांबतं. घरी जाताना त्याच्याशी दोन शब्द प्रेमानं बोलायचे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबडला हेच केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आपला क्रमही तोच: आधी आपण मुलापर्यंत जायचं, मग त्याच्याकडून अपेक्षा करायची.