रिकाम्या तांब्याची शिकवणी

शिकवणीला नवीन आलेला मुलगा पहिल्याच दिवशी ठरलेला प्रश्न विचारतो, "मॅडम, नोटा डबल करायच्या शिकवाल?" मी म्हणते, "बाळा, ते मला येत असतं तर रविवारी सकाळी या सोसायटीच्या हॉलमध्ये पंखा बंद पडलेला असताना तुझ्यापुढे उभी राहिले असते का?" मुलं हसतात. मागे खुर्चीवर बसलेले एखादे आजोबा मात्र जरा हिरमुसतात, असं मला दर वेळी वाटतं. 'पैशांचा पाऊस' पाडून देतो म्हणून गंडा घालणाऱ्यांच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतच असतात, त्यामुळे हा प्रश्न मी थट्टेवारी सोडून देत नाही. माझा पहिला पाठ तोच असतो. खेळ सुरू करायच्या आधी मोठ्याने सांगायचं, "मी जे करणार आहे ती हातचलाखी आहे." ज्याला हे वाक्य म्हणायला लाज वाटते, त्याला मी नाणंसुद्धा हातात देत नाही.

मी नवीन पनवेलमध्ये जादू शिकवते. शाळांची स्नेहसंमेलनं, गणपतीतले सोसायट्यांचे कार्यक्रम, वाढदिवस, असे खेळही करते. हे सगळं मामाकडून आलं. टपाल नाक्याजवळ त्याचं छोटं दुकान होतं आणि गल्ल्याखाली पत्त्यांचे जोड, दोऱ्या, रुमाल असा दुसराच संसार होता. त्याने पुण्याच्या जादूगार रघुवीरांचा खेळ तरुणपणी पाहिला आणि तो कामातून गेला, असं आजी म्हणायची. रघुवीर भोपळे हे नाव आज तिशीतल्या माणसाला ठाऊक नसेल, पण एका पिढीच्या मराठी घरांत जादू म्हणजे रघुवीर, एवढं साधं समीकरण होतं. ते देशोदेशी खेळ करत फिरले, त्या प्रवासांवर त्यांनी 'प्रवासी जादूगार' हे पुस्तक लिहिलं, आणि पुढे मुलगा विजय, नातू जितेंद्र यांनी रघुवीर हेच नाव लावून रंगमंच सांभाळला. मामा त्यांच्या युक्त्यांबद्दल फार बोलायचा नाही. बोलायचा ते त्यांच्या मराठी बोलण्याबद्दल. जादूगाराची जीभ चालत असेल तर हाताला उसंत मिळते, हे मामाचं वाक्य मी आजही शिकवणीत वापरते.

आता तांब्याकडे येते, कारण माझ्या पोरांचा तो सर्वांत लाडका. तांब्या उपडा करून सगळं पाणी बादलीत ओतायचं, रिकामा दाखवायचा, बाजूला ठेवायचा. दुसरा खेळ करायचा. परत तांब्या उचलायचा, परत पाणी. असं खेळभर चालू. पी. सी. सरकार आपल्या 'इंद्रजाल' या भव्य कार्यक्रमात मोठमोठ्या दृश्यांच्या मध्ये हाच खेळ 'वॉटर ऑफ इंडिया' म्हणत पुन्हा पुन्हा करायचे, आणि हत्तीएवढ्या सामानाच्या त्या कार्यक्रमात लोकांच्या लक्षात हा तांब्याच राहायचा.

यातली खुबी मी इथे सांगून टाकते. तांब्याला दोन भिंती असतात आणि त्यांच्या मधल्या पोकळीत बरंचसं पाणी असतं. आतल्या भिंतीला तळाशी एक भोक, आणि गळ्यापाशी हवेसाठी दुसरं बारीक भोक. गळ्याचं भोक अंगठ्याने दाबून तांब्या उपडा केला की मधलं पाणी हवेच्या दाबामुळे अडून राहतं. शहाळ्यातली स्ट्रॉ वरून बोट दाबून उचलली की तिच्यातलं पाणी सांडत नाही, तेच हे. तांब्या सरळ ठेवून अंगठा काढला की पाणी गुपचूप आत उतरतं. झालं. तुम्हाला आता हा खेळ कळला. पण तुम्ही उद्या घरी करून दाखवा बरं. अंगठा नेमका भोकावर नेताना तुमची नजर आधी तिकडे जाईल, आणि समोरची सात वर्षांची पुतणी ओरडेल, "काका, बोट काढा!"

म्हणून गुपिताचं एवढं सोवळं मला पटत नाही. माझ्या व्यवसायातले काही जण यावर रागावतात, रागावू देत. दुसऱ्या कलावंताने स्वतः रचलेला खेळ मी उघडा करत नाही, तो त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. पण तांब्या, दोरी, नाणं, पत्ते ही सगळ्यांची इस्टेट आहे. इतकी वर्षं मी त्यांची उत्तरं पोरांना सांगते आहे, तरी तांब्यावर टाळी पडायची थांबलेली नाही.

मग शिकवायचं काय? पहिले काही रविवार फक्त एक नाणं. तळहातात, अंगठ्याच्या उंचवट्याच्या आणि समोरच्या मांसल भागाच्या मध्ये नाणं पकडायचं आणि बोटं मोकळी ठेवायची. याला आम्ही 'पाम करणं' म्हणतो. मुलांचे तळहात लहान, त्यांना पाच रुपयांचं नाणं बरं पडतं. ते नाणं हातात धरून चहा ओतायचा, दप्तराची चेन लावायची, मोबाइल उचलायचा. हात जेव्हा 'मी काही धरलेलं नाही' असं दिसायला लागतो तेव्हाच पुढे जायचं. आरशासमोर सराव करा असं जुनी पुस्तकं सांगतात, पण आरसा लबाडीला सामील असतो. नेमक्या क्षणी आपणच डोळे मिचकावतो आणि चूक दिसतच नाही. आता मी मुलांना मोबाइलवर व्हिडिओ काढायला लावते. तो कुणाची भीड ठेवत नाही.

त्यानंतर नजर. याचा एक सुंदर प्रयोग इंग्लंडमधल्या गुस्ताव कून या मानसशास्त्रज्ञाने केला, तो स्वतःही जादूगार आहे. चेंडू दोनदा वर उडवून झेलायचा. तिसऱ्यांदा फक्त उडवल्यासारखं करायचं, चेंडू हातातच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात जादूगाराने स्वतः वर पाहिलं तेव्हा सुमारे दोन तृतीयांश लोकांनी 'चेंडू वर जाऊन नाहीसा झाला' असं सांगितलं. तो हाताकडेच पाहत राहिला तेव्हा हे प्रमाण एक तृतीयांशावर आलं. न उडालेला चेंडू लोकांना उडालेला दिसला, तो जादूगाराच्या डोळ्यांमुळे! शिकवणीत आम्ही हे लिंबू घेऊन करतो. खांदा कॉलनीतून येणारे एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, त्यांना हे काही केल्या जमेना. लिंबू हातात आहे हे त्यांना ठाऊक, आणि ठाऊक असलेलं लपवायची त्यांच्या डोळ्यांना सवयच नाही. चौथीतल्या एका मुलीने त्यांना तोडगा सांगितला, "आजोबा, लिंबू खरंच वर गेलंय असं समजा ना." त्या दिवशी जमलं.

प्रेक्षकांत सर्वांत अवघड कोण, हे आणखी एक. मोठी माणसं बोट दाखवाल तिकडे पाहतात. पाच-सहा वर्षांची मुलं वाटेल तिकडे पाहतात, त्यामुळे त्यांना फसवणं महाकठीण. आमच्यातल्या बऱ्याच जणांची फटफजिती वाढदिवसाच्या केकपाशीच होते, आणि वर मानधनाचं पाकीट उघडल्यावर दुसरी.

मामाच्या खेळात माझी सुरुवात पेटीतल्या मुलीपासून झाली. पेटीत बसायचं, तलवारी चुकवायच्या, बाहेर येऊन हसायचं. टाळ्या मामाला. हा रिवाज काही आपल्याकडचाच नाही. १९२१ मध्ये लंडनच्या रंगमंचावर सेल्बिट या जादूगाराने बाईला करवतीने कापून दाखवलं आणि तेव्हापासून जगभर पेटीत बाईच. ९ एप्रिल १९५६ ला बीबीसीच्या 'पॅनोरामा' कार्यक्रमात सरकारांनी गोल फिरत्या करवतीने मुलीचे दोन तुकडे केले, तिला जागं करायला गेले, ती उठेना, आणि तेवढ्यात निवेदकाने घाईने कार्यक्रम आवरता घेतला. घाबरलेल्या प्रेक्षकांनी बीबीसीचे फोन खणखणवून सोडले. कार्यक्रमाची वेळ संपणं आणि मुलगी न उठणं यांची सांगड सरकारांनी अचूक घातली होती, असं जाणकार मानतात. दुसऱ्या दिवशी सगळीकडे सरकारांचं नाव. टेबलावर झोपलेली सतरा वर्षांची मुलगी दीप्ती डे होती, हे मी मुद्दाम मुलींना सांगते. करवतीच्या खेळात निम्म्याहून जास्त कसब आडव्या झोपलेल्या माणसाचं असतं. ते मी केलंय, म्हणून सांगते.

पेटीतून बाहेर पडून स्वतः खेळ करायचं ठरवलं तेव्हा अडचण आली ती खिशाची. सगळी पुस्तकं सांगतात, 'कोटाच्या उजव्या खिशातून काढा.' माझ्या साडीला कोट कुठला! पदराखाली लपवावं तर पदर सावरायला एक हात अडकतो. शेवटी उरण नाक्याजवळच्या एका शिंप्याने मला कुर्त्यावर घालायला जाकीट शिवून दिलं, आत सहा खिसे. "ताई, तुम्ही मोबाइल चोरणार आहात का?" असं त्याने विचारलं होतं. आता चित्र बदलतंय. सुहानी शाहसारख्या मुलीने एकटीने मोठी नाट्यगृहं भरवली, २०२५ मध्ये इटलीत तुरीनला झालेल्या जागतिक जादू स्पर्धेत ऑनलाइन जादूसाठीचा पुरस्कारही घेतला. माझ्या शिकवणीत सध्या मुलींची संख्या जास्त आहे, आणि पेटीत बसायला मुलगे मिळत नाहीत ही नवी तक्रार.

जादूचं आणि मराठी माणसाचं नातं सांगताना मी दादासाहेब फाळक्यांपाशी हमखास थांबते. चित्रपट काढण्याआधी फाळके जादूचे प्रयोग करत. एका परदेशी जादूगाराकडून ते शिकले होते आणि आडनावाची अक्षरं उलटी फिरवून त्यांनी नाव घेतलं होतं 'प्रोफेसर केळफा'. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याआधी भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी एक छोटी फीत केली, कुंडीत पेरलेल्या बीचं रोप होईपर्यंतची. रोज थोडं थोडं चित्रित करायचं आणि सगळं एका दमात पडद्यावर दाखवायचं. आपल्या बाजारात येणारा गारुडी कोय मातीत पुरून, वर फडकं टाकून, थोड्या वेळात आंब्याचं रोप काढून दाखवायचा, तो खेळ आठवा. गारुड्याने फडक्याखाली जे केलं, ते फाळक्यांनी कॅमेऱ्यात केलं. त्यांनी गारुड्यावरून ते घेतलं असं माझं म्हणणं नाही. पण हनुमानाला उडवणारा आणि कालियाच्या डोक्यावर कृष्णाला नाचवणारा दिग्दर्शक आधी हातचलाखी शिकलेला होता, याचं मला नवल वाटत नाही. फ्रान्समध्ये सुरुवातीच्या काळातला चित्रपटकार मेलिएसही मूळचा जादूगारच.

महाराष्ट्रात या विद्येला आणखी एक वळण लागलं आणि त्याचा मला अभिमान आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी बाबा-बुवांचे 'चमत्कार' गावोगाव करून दाखवले आणि लगेच उलगडूनही दाखवले. जिभेवर जळता कापूर, नुसतं पाणी शिंपडून पेटणारा नारळ, हातातून पडणारी विभूती. सुरीला आधी जास्वंदीचा रस लावून ठेवला की कापलेल्या लिंबातून 'रक्त' येतं, आणि रसायनशास्त्राचा तो धडा करणीने धास्तावलेल्या घराला औषधासारखा लागू पडतो. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, लोकांना फसवणं त्या कायद्याने गुन्हा ठरलं. रायगडातल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत मी जाते तेव्हा खेळ संपल्यावर विभूतीचा खेळ पोरांकडूनच करून घेते. ज्या पोराच्या स्वतःच्या बोटांतून राख पडली, त्याला पुढे कोणी राखेच्या जोरावर पाया पडायला लावू शकत नाही, एवढा माझा अनुभव आहे.

लोक मला 'इंडियन रोप ट्रिक' करा म्हणून सांगतात. हवेत ताठ उभी राहणारी दोरी, वर चढून गायब होणारा मुलगा. या कथेला जगभर पाय फुटले ते १८९० मध्ये शिकागोच्या एका वृत्तपत्रात छापलेल्या बातमीने, आणि ती बनावट असल्याचं त्याच वृत्तपत्राने काही महिन्यांत कबूल केलं. भारताची सर्वांत प्रसिद्ध जादू अशी शिकागोत तयार झाली. ज्यांनी खरोखर काही तयार केलं, ते कप आणि गोळ्या, टोपली, कोय, तांब्या घेऊन बाजारात बसणारे आमचे रस्त्यावरचे कलावंत, त्यांचं नाव कुठेच नाही.

त्यांच्यासाठी आपल्याकडे आहे तो १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा. सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, भविष्य सांगून किंवा खेळ करून लोकांकडून पैसे घेणं त्यात भीक मागणंच धरलं आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्यातल्या बऱ्याच तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या, महाराष्ट्रात तो लागू आहे. मी नाट्यगृहात तिकीट लावून तांब्या रिकामा केला तर मी कलावंत, आणि बसस्थानकाबाहेर फडकं अंथरून तोच तांब्या रिकामा करणारा भिकारी. मला हे मान्य नाही. पनवेलला किंवा कुठेही असा माणूस खेळ मांडून बसलेला दिसला, तर खेळ संपेपर्यंत थांबा, त्याला चांगले पैसे द्या, आणि जमलं तर तुमच्या शाळेत, सोसायटीत त्याला बोलवा. पाकीट देताना त्याचं नाव विचारा आणि कार्यक्रमपत्रिकेत ते छापा.