बिंदू चौकांत येतो कोण?

आमच्या कोल्हापुरांत राजकारणाचा वाद हातघाईवर आला म्हणजे एक वाक्य हटकून कानीं पडतें: "हिंमत असेल तर बिंदू चौकांत या!" निवडणूक साखर कारखान्याची असो, दूध संघाची असो कीं महानगरपालिकेची असो, हें आव्हान दिल्यावांचून प्रचार पुरा झाला असें कोणासच वाटत नाहीं. त्या चौकाची योग्यताहि तशीच आहे. तेथील सभांनीं कित्येकांस पुढारी केलें आणि कित्येक पुढाऱ्यांचा तोरा उतरविला. महात्मा फुले व डॉ. आंबेडकर यांचे पुतळे त्याच चौकांत १९५० सालीं, म्हणजे डॉक्टरसाहेब हयात असतांनाच, उभारले गेले. परंतु आव्हान देणारा व घेणारा असे दोघेहि तेथें आले, समोरासमोर बसले, एकमेकांचें शेवटपर्यंत ऐकून घेऊन घरीं गेले, असा प्रसंग आमच्या वाचकांपैकीं किती जणांनीं पाहिला असेल? बहुधा एक पक्ष येतो, घोषणा देतो, आणि दुसरा आला नाहीं एवढ्यावरच विजयी होऊन परततो.

पुढाऱ्यांचें आम्हांस फारसें वाटत नाहीं. त्यांचें वैर ऋतुमानाप्रमाणें बदलतें. २०२२ सालीं शिवसेना आणि २०२३ सालीं राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली, तेव्हां काल ज्यांच्या नांवानें बोटें मोडलीं त्यांच्याच शेजारीं खुर्ची टाकून बसण्याचा प्रसंग अनेकांवर आला, व तो त्यांनीं हंसतमुखानें निभावला. लग्नकार्यांत तर सर्व पक्षांचे धुरीण एकाच पंगतीस असतात. प्रश्न आहे तो त्यांच्यासाठीं घसा कोरडा करणाऱ्यांचा, आणि नुसतें मत देऊन आपल्या धंद्यास लागणाऱ्या तुमच्याआमच्यासारख्यांचा. वरचा समेट एका रात्रींत होतो; पेठेंतल्या दोन शेजाऱ्यांचा वर्ष उलटलें तरी होत नाहीं.

असे दोन शेजारी आमच्या ओळखीचे आहेत. दोघेहि गुळाचे व्यापारी, दोघांचीं दुकानें लागून. सकाळचा चहा एक दिवस याच्या गादीवर तर एक दिवस त्याच्या. एकाचा विश्वास दिल्लीच्या सरकारावर, दुसऱ्याचा त्या सरकारच्या विरोधकांवर. हें दोघांसहि कित्येक वर्षें ठाऊक होतें व त्यावरून रोज थट्टा होई. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमींत एकाच्या मोबाइलवर कोणीसें एक चित्र धाडलें. त्यानें तें नीट न वाचतांच ओळखीच्या साऱ्यांस पुढें धाडून दिलें. दुसऱ्यास वाटलें, हा टोमणा आपल्यालाच आहे. त्यानें उत्तरादाखल त्याहून झोंबणारें चित्र धाडलें. तोंडातोंडीं एक शब्दहि झाला नाहीं. वीतभर भिंतीच्या दोन बाजूंस बसून सारें भांडण हातांतल्या यंत्रानें झालें, आणि चहा बंद पडला. आम्ही दोघांसहि भेटलों. दोघांनींहि एकच उत्तर दिलें: "त्याच्याशीं बोलण्यांत अर्थ नाहीं, तो ऐकून घेणारा माणूस नव्हे." एवढ्या एका मुद्द्यावर तरी दोघांचें पूर्ण एकमत आहे, हें आम्हीं त्यांस सांगितलें नाहीं.

वास्तविक प्रतिपक्षाशीं बोलावें कसें, हें व्यापाऱ्यांस शिकविण्याची आमची योग्यता नाहीं. सौद्याच्या वेळीं विकणाऱ्यास भाव चढा हवा असतो, घेणाऱ्यास उतरता. हितविरोध याहून उघड तो कोणता? तरी गुळाचा रंग पाहिला जातो, चव घेतली जाते, भाव बोलला जातो, मोडला जातो, पुन्हां बोलला जातो, आणि कोणी कोणाचा बाप काढीत नाहीं. आज सौदा जमला नाहीं तरी उद्यां येथेंच भेटावयाचें आहे, हें उभयतांस माहीत असतें. मालाच्या बाबतींत "आधीं रवा दाखवा" म्हणणारा हा चोखंदळ मनुष्य राजकारणांतली बातमी मात्र बारदान न सोडतां उचलतो व तशीच दुसऱ्याच्या गळ्यांत मारतो, याचें आम्हांस नवल वाटतें.

या आळसाची किंमत सबंध गांवानें भरलेली आहे. जून २०२३ मध्यें कांहीं तरुणांनीं मोबाइलच्या 'स्टेटस'वर ठेवलेल्या मजकुरावरून प्रक्षोभ झाला. ७ जून रोजीं हिंदुत्ववादी संघटनांनीं बंद पुकारला. जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनीं लाठ्या चालविल्या, अश्रुधूर सोडला, इंटरनेट बंद करण्यांत आलें. दुसऱ्याचें मन दुखवावें एवढ्याच हेतूनें कोणी कांहीं लिहिलें तर आम्ही त्याची वकिली करणार नाहीं; त्याचा विचार करण्यास कायदा समर्थ आहे. पण ज्याच्या दुकानावर दगड आला त्यानें काय लिहिलें होतें? आणि दगड उचलणाऱ्यांपैकीं किती जणांनीं तो मजकूर स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला होता?

ऐकीव व धाडलेल्या कागदावर विश्वास ठेवून फसणें हें केवळ अडाण्यांचेंच लक्षण आहे, असें मात्र कोणी समजूं नये. या बाबतींत सर्वांत बोधप्रद प्रकरण कोल्हापूरचेंच आहे, आणि त्यांत सांपडलेले गृहस्थ त्या काळच्या महाराष्ट्रांतले दोन अत्यंत बुद्धिमान तरुण होते. चौथे शिवाजी महाराज तेव्हां गादीवर होते. त्यांचा छळ होत असून त्यांत दिवाण माधवराव बर्वे यांचें अंग आहे, असा प्रवाद पुण्यापर्यंत पोंचला. 'केसरी' व 'मराठा' हीं पत्रें १८८१ सालीं निघालेलीं. आगरकर एकाचे संपादक, टिळक दुसऱ्याचे. महाराजांविषयींच्या कळवळ्यानें दोन्ही पत्रांनीं दिवाणांवर कडक टीका केली. तिच्या आधारास जीं पत्रें होतीं तीं खोटीं ठरलीं. संपादकांनीं दिलगिरी प्रदर्शित केली, तरी अब्रुनुकसानीचा खटला चालून १७ जुलै १८८२ रोजीं दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगांत १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर रोजीं ते सुटले.

ही हकीकत देशभक्तीच्या कथांमध्यें नेहमीं सांगितली जाते व तें योग्यच आहे. पण तिच्यांतला मधला भाग आपण गिळून टाकतों. खोटीं पत्रें त्यांस खरीं कां वाटलीं? जें मनांत आधींच होतें तेंच त्यांत लिहिलें होतें म्हणून. आपल्या रागास पोषक असा कागद हातीं आला म्हणजे त्याची शाई कोणी तपासीत नाहीं. त्या वेळीं दिवाणांच्या बाजूच्या एखाद्या शहाण्याशीं तासभर बसण्याचा योग आला असता तर तें प्रकरण कदाचित् निराळें वळण घेतें. निदान चूक कळल्यावर ती कबूल करण्याचा मोठेपणा दोघांपाशीं होता. मोबाइलवर खोटें चित्र धाडल्याबद्दल शेजाऱ्याची क्षमा मागितलेला गृहस्थ आम्हांस अजून भेटावयाचा आहे.

आतां त्याच तुरुंगांतली दुसरी गोष्ट. पंचविशी नुकतीच ओलांडलेले हे दोघे मित्र एका खोलींत दिवसरात्र एकत्र होते, आणि मतांनीं एक नव्हते. समाजाची सुधारणा आधीं कीं राज्याची, धर्माचा अधिकार कोठवर, बुद्धीचा कोठवर, असे वाद रात्रीं चालत. ते इतके चढ्या आवाजांत चालत कीं पहारेकऱ्यास येऊन दटावावें लागे. आगरकरांनीं त्या दिवसांचें पुस्तक पुढें लिहून ठेवलें. इतकें बोलून एकानें दुसऱ्याचें मत पालटलें काय? मुळींच नाहीं. १८८७ सालीं आगरकरांनीं 'केसरी' सोडला, १८८८ त 'सुधारक' काढला, आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळीं दोघांनीं परस्परविरुद्ध बाजू घेतल्या. एकमेकांवर त्यांनीं जें लिहिलें तें आज वाचतांनाहि बोचतें. १८९५ सालीं आगरकर वारले, तेव्हां 'केसरी'तला मृत्युलेख टिळकांनीं लिहिला.

मग त्या रात्रींच्या बोलण्याचा उपयोग काय, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, आपला मतभेद नेमका कोठें आहे हें त्या दोघांस पुरतें ठाऊक होतें. शेतांत बांध असला म्हणजे शेजारी शेजाऱ्याचें रान नांगरीत नाहीं, आणि बांधावर बसून भाकरीहि खातां येते. बांधच कोणीं घातला नसेल तर हातभर जमिनीवरून कुऱ्हाडी निघतात. आज आम्ही ज्यांस 'ते लोक' म्हणतों त्यांचें म्हणणें आम्हांस त्यांच्या तोंडून माहीत नसतें. आमच्याच बाजूच्या वक्त्यानें रंगविलेलें त्यांचें सोंग तेवढें माहीत असतें. वादाचें फळ मतांतर हेंच धरलें तर शंभरांतले नव्याण्णव वाद निष्फळ ठरतील, आणि तें खरेंहि आहे. बांध घालणें हें फळ धरलें तर तासाभराच्या चहांतहि तें पदरीं पडतें.

आमच्या जुन्या न्यायशास्त्रानें बोलण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय तें कळावें म्हणून चालतो तो वाद. जिंकावें म्हणून चालतो तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडतां दुसऱ्याची तेवढी मोडावयाची ती वितंडा. दूरचित्रवाणीवर रोज रात्रीं जें चालतें तें यांपैकीं कोणतें, हें वाचकांनींच ठरवावें. त्याच शास्त्रकारांची आणखी एक रीति होती. ग्रंथकार प्रथम पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचें म्हणणें, त्याच्याइतक्याच जोरानें मांडी, आणि मग उत्तरास लागे. ही रीति पेठेंत आणून पाहावी. "तुमचें म्हणणें असें असें आहे ना?" असें विचारून समोरचा "होय, हेंच" म्हणेपर्यंत आपलें तोंड उघडूं नये. आम्हीं स्वतः हा प्रयोग केला तेव्हां पहिल्या तीन खेपांस समोरच्यानें "नाहीं हो, असें नव्हे" म्हटलें. आमची समजूत इतकी चुकीची होती!

मतभेद घेऊन एका छपराखालीं राहणें अशक्य आहे, असेंहि नव्हे. १९६० सालीं बारामतीच्या लोकसभा पोटनिवडणुकींत वसंतराव पवार शेतकरी कामगार पक्षाकडून उभे होते, आणि त्यांचे धाकटे बंधु शरदराव काँग्रेसचा प्रचार करीत होते. तशी मोकळीक थोरल्या भावानेंच दिली होती. शरदरावांच्या भगिनी सरोजताई यांचे पति प्रा. एन. डी. पाटील हे जन्मभर शेतकरी कामगार पक्षांतच राहिले. मेहुण्याच्या सत्तेची सावली त्यांनीं घेतली नाहीं आणि नातेंहि तोडलें नाहीं. याच एन. डीं.च्या पुढारपणाखालीं कोल्हापूरच्या टोलविरुद्ध जें आंदोलन झालें त्यांत एरवीं एकमेकांचें तोंड न पाहणारे पक्ष एका मांडवांत बसले, आणि २०१५ सालीं टोल गेला.

येथें एक आक्षेप आम्हांस ऐकूं येतो, आणि तो खरा आहे. ज्याला आमचें माणूसपणच मान्य नाहीं त्याच्याशीं आम्हीं काय बोलावें? बोलणें बरोबरीच्या बैठकीवरच होतें. एक गादीवर आणि दुसरा उंबऱ्याबाहेर असेल तर त्यास संवाद म्हणत नाहींत, हुकूम म्हणतात. शाहू महाराजांस हें कळलें होतें. अस्पृश्य मानलेल्या समाजांतील गंगाराम कांबळे यांस त्यांनीं चहाचें दुकान काढण्यास मदत केली, आणि स्वतः तेथें थांबून चहा घेतला, बरोबरच्यांसहि पाजला. समतेवर व्याख्यान देणें त्याहून पुष्कळ सोपें होतें. तेव्हां, "आम्ही चर्चेस तयार आहों, तेच येत नाहींत" असें म्हणणाऱ्या थोरामोठ्यांनीं आपण कोणाच्या दुकानांत चहा घेतों याचा एकदां विचार करावा.

आणि जो बोलण्यास येतो त्याच्या जिवाची हमी कोणी द्यावयाची? कॉम्रेड गोविंद पानसरे यांनीं शिवाजी महाराजांवर लहानसें पुस्तक लिहिलें, गांवोगांव जाऊन भाषणें केलीं. त्यांचें म्हणणें न पटणाऱ्यांस उत्तर देण्यास बिंदू चौक मोकळा होता. १६ फेब्रुवारी २०१५ रोजीं सकाळीं याच शहरांत, पत्नीसह फिरून परततांना, त्यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या व २० तारखेस त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या मताचे नसलेले आमच्या परिचयाचे कित्येक लोक त्या दिवशीं अस्वस्थ होते. एक वृद्ध गृहस्थ आम्हांस म्हणाले, "मला त्यांच्याशीं भांडावयाचें होतें, तें राहून गेलें."

गुळाच्या त्या दोन व्यापाऱ्यांकडे आम्ही परवां पुन्हां गेलों होतों. पहिल्याच्या दुकानीं बसलों असतां शेजारचा पोऱ्या किटली घेऊन आला, आणि कोणाचें नांव न घेतां दोन पेले ठेवून गेला. आमच्या यजमानांनीं पेल्याकडे पाहिलें, मग आमच्याकडे. "साखर कमी घातलेली दिसते," ते म्हणाले, आणि प्यायले. भिंतीपलीकडे ते अजून गेलेले नाहींत.